शोध सर्वांचा, औषध कोणाचे?

७ ऑगस्ट १९७५ रोजी ‘नेचर’ या ब्रिटिश साप्ताहिकात तीन पृष्ठांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक दोघे: केंब्रिज येथील रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील सेझार मिलस्टाइन आणि त्यांच्याकडे काम शिकण्यास आलेला, तिशीही न गाठलेला जॉर्ज कोहलर हा जर्मन तरुण. ही प्रयोगशाळा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे तेथील करदात्यांच्या पैशावर चालणारी. निबंधात सांगितलेल्या पद्धतीतून पुढे मोनोक्लोनल प्रतिपिंडांचे शास्त्र उभे राहिले. आज कर्करोगावरील आणि संधिवातावरील अनेक नामांकित औषधे याच कुळातली आहेत. या दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासमवेत मिळाले. मात्र त्या पद्धतीचे पेटंट ना मिलस्टाइन यांच्या नावावर झाले, ना परिषदेच्या.

ही हकीकत त्यागाची कथा म्हणून सांगण्याचा मोह पुरोगामी मंडळींना होणे स्वाभाविक आहे. विज्ञान सर्वांचे, म्हणून ते सर्वांना मोकळे. यापेक्षा सुंदर उदाहरण कोठे मिळावे? परंतु कथा तेथे संपत नाही. जे ज्ञान मुक्तहस्ते वाटले गेले, त्याच्या आधारे तयार झालेली औषधे पुढे लाखांच्या भावाने विकली गेली, आणि विकणारे हात निराळेच होते. ज्ञान खुले ठेवले की ते आपोआप जनतेचे होते, हा समज या इतिहासाने खोटा ठरवला आहे. ज्ञानापासून औषधापर्यंतची वाट खासगी मालकीची असेल, तर त्या वाटेचे पहिले दार उघडे ठेवल्याने गरिबाच्या पदरात फारसे काही पडत नाही. रोगप्रतिकारशास्त्र आणि कर्करोग या क्षेत्रांतील काही संशोधकांची आयुष्ये या दृष्टीने तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

लष्करशाहीने गमावलेला शास्त्रज्ञ

मिलस्टाइन यांचा जन्म १९२७ सालचा, अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका या गावचा. घर स्थलांतरित ज्यूंचे. वडील अराज्यवादी विचारांचे, आई शिक्षिका. ब्युनोस आयर्सच्या विद्यापीठात शिकत असताना ते विद्यार्थी चळवळीत आघाडीवर होते. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी दुसरी डॉक्टरेट मिळवली आणि १९६१ मध्ये मायदेशी परतून तेथील राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा नवा विभाग उभारावयास घेतला. परदेशात स्थिरावण्याची संधी सोडून स्वदेशी प्रयोगशाळा उभी करू पाहणाऱ्या या माणसाच्या वाट्याला काय आले? १९६२ मध्ये लष्कराने लोकनियुक्त राष्ट्राध्यक्षांना पदच्युत केले. संस्थेच्या संचालकांना जावे लागले, उदारमतवादी बुद्धिजीवींच्या मागे ससेमिरा लागला आणि मिलस्टाइन यांच्या विभागातील सहकाऱ्यांवरही बडतर्फीची कुऱ्हाड कोसळली. त्यांनी राजीनामा दिला आणि १९६३ मध्ये ते केंब्रिजला परतले, ते कायमचे. अर्जेंटिनाच्या जनतेच्या पैशावर शिकलेला हा शास्त्रज्ञ अर्जेंटिनाने गमावला, आणि त्याची किंमत कोणत्याही सेनापतीने मोजली नाही.

केंब्रिजला त्यांना काय मिळाले, हेही नीट पाहिले पाहिजे. पगार गडगंज नव्हता. पण नोकरी सुरक्षित होती, दर वर्षी नव्या अनुदानासाठी दारोदार फिरण्याची सक्ती नव्हती, आणि शेजारी फ्रेडरिक सँगर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ होता, ज्यांना पुढे दुसऱ्यांदा नोबेल मिळाले. सँगर यांच्याच सूचनेवरून मिलस्टाइन प्रतिपिंडांच्या अभ्यासाकडे वळले. त्यांनी धरलेला प्रश्न कोणत्याही रोगाचा नव्हता. शरीराने पूर्वी कधीही न पाहिलेला जंतू वा परका पदार्थ आत आला, तरी नेमका त्यालाच चिकटणारा प्रतिपिंड तयार होतो; एवढे असंख्य प्रकार शरीर घडवते कसे, हा तो मूलभूत प्रश्न. १९६३ पासून १९७५ पर्यंत बारा वर्षे मिलस्टाइन त्याचा माग काढीत राहिले. यातून औषध कोणते निघणार आणि ते केव्हा विकले जाणार, असा तगादा त्या काळात त्यांच्यामागे कोणी लावला असता, तर तो निबंध जन्माला आला असता की नाही, याची शंकाच आहे.

कर्करोगाच्या पेशीला जुंपले कामाला

शोधाचे स्वरूप सामान्य वाचकाला समजण्याजोगे आहे. प्रतिपिंड बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी शरीराबाहेर काचपात्रात ठेवल्या की थोड्याच दिवसांत मरून जातात. उलट कर्करोगाची पेशी मरावयाचे विसरते. तिला अन्न मिळत राहिले तर ती अखंड विभागत राहते. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराला मेंढीच्या रक्तातील तांबड्या पेशी टोचल्या, त्याच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांचा संकर कर्करोगग्रस्त पेशींशी घडवून आणला. या संकरित पेशीत दोन्ही कुळांचे गुण उतरले: एकीचे प्रतिपिंड बनवण्याचे कसब आणि दुसरीची न मरण्याची खोड. त्यांतून एकच पेशी वेगळी काढून वाढवली की तिची सारी संतती अगदी एकाच साच्याचा प्रतिपिंड हवा तितका बनवत राहते. माणसाचा जीव घेणाऱ्या खोडीलाच माणसाच्या कामाला जुंपले गेले.

पद्धतीचे व्यावहारिक मोल लेखकांना अगदीच उमगले नव्हते असे नाही. वैद्यकात आणि उद्योगात तिचा उपयोग होऊ शकेल, असे निबंधाच्या शेवटी त्यांनी नोंदवलेही होते. परिषदेने ही बाब सरकारी संशोधनाच्या पेटंटांचे काम पाहणाऱ्या महामंडळाच्या कानावर घातली. त्या महामंडळाला त्यात तातडीचा व्यापारी उपयोग काही दिसला नाही. पेटंट न घेण्यामागे अशा रीतीने अर्धी वाटणी उदारतेची होती आणि अर्धी अनवधानाची. मिलस्टाइन मात्र आपल्या पेशी मागेल त्या प्रयोगशाळेला पाठवीत राहिले.

अशाच पेशी फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेच्या हिलरी कोप्रॉव्स्की यांच्याकडेही गेल्या. त्यांच्या आधारे कोप्रॉव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बुदांविरुद्धचे व इन्फ्लूएन्झाच्या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड बनवले आणि १९७९ व १९८० मध्ये त्यांवर अमेरिकेत पेटंटे मिळवली. १९७९ मध्येच कोप्रॉव्स्की यांच्या सहभागाने सेंटोकॉर ही कंपनी निघाली. म्हणजे काय झाले? खत-पाणी ब्रिटिश जनतेने घातले, बी वाऱ्यावर सोडले, आणि ज्याच्याजवळ कुंपण घालण्याची ऐपत होती त्याने शेत आपले म्हणून आखून घेतले. खुलेपणाने मक्तेदारीला पायबंद बसला नाही. उलट मक्तेदारीला लागणारा कच्चा माल फुकटात उपलब्ध झाला.

थॅचरबाईंनी काढलेला धडा

या प्रकाराचा ब्रिटनमध्ये बराच गाजावाजा झाला. थॅचर सरकारच्या काळात त्यातून एक धडा काढला गेला: यापुढे सरकारी प्रयोगशाळेतला प्रत्येक शोध पेटंटाच्या पेटीत बंद करावयाचा आणि बाजारात न्यावयाचा. १९८० मध्ये सरकारी व खासगी भांडवलातून सेलटेक ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेत बे-डोल कायदा संमत झाला आणि संघराज्य सरकारच्या पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेऊ देण्याचे व ती कंपन्यांना परवान्याने देण्याचे द्वार खुले झाले. तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांतील जीववैज्ञानिकाचे आयुष्य बदलले. निबंध लिहिण्यापूर्वी वकिलाला विचारावयाचे, पेशी पाठवण्यापूर्वी करारनामा करावयाचा, आणि उत्तम शिष्य म्हणजे स्वतःची कंपनी काढणारा, असा नवा शिरस्ता पडला.

या धड्याने सार्वजनिक संस्थेला काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच केंब्रिजच्या प्रयोगशाळेत ग्रेगरी विंटर यांनी १९८० च्या दशकात उंदराच्या प्रतिपिंडाला मानवी रूप देण्याची युक्ती शोधली, कारण माणसाचे शरीर उंदराच्या प्रतिपिंडाला परका समजून हुसकावून लावत असे. या वेळी परिषदेने पेटंट घेतले आणि अनेक कंपन्यांना परवाने दिले. त्यातून मिळालेल्या स्वामित्वशुल्काचा वाटा प्रयोगशाळेच्या २०१३ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीच्या बांधकामात आहे. परंतु रुग्णाचे काय? विंटर यांच्या कामातून पुढे आलेले ॲडालिमुमॅब हे संधिवाताचे औषध घ्या. युरोपात २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या स्वस्त प्रतिकृती बाजारात आल्या. अमेरिकेत मात्र मूळ कंपनीने एकाच औषधाभोवती पेटंटांचे असे दाट जंगल वाढवले होते, की पहिली प्रतिकृती येण्यास २०२३ चा जानेवारी उजाडावा लागला. सार्वजनिक संस्थेला शुल्क मिळते, म्हणजे जनतेला औषध मिळते असे नव्हे. किंबहुना विक्रीच्या रकमेवर शुल्क मिळू लागले की चढ्या किमतीत त्या संस्थेचाही हितसंबंध निर्माण होतो, हा धोका समाजवाद्यांनी डोळ्याआड करू नये.

टेक्सास आणि क्योटो

कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टी बदलणाऱ्या दोन संशोधकांची कहाणी याच चौकटीत बसते. २०१८ चे वैद्यकाचे नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना मिळाले. ॲलिसन टेक्सासमधील ॲलिस या लहान गावचे. लहानपणीच त्यांची आई लसिकापेशींच्या कर्करोगाने गेली. शाळेत जीवशास्त्राच्या वर्गात डार्विनचे नाव घेत नाहीत, म्हणून त्या वर्गात बसण्यास नकार देणारा हा मुलगा. पुढे त्याने आयुष्य वाहिले ते रोगप्रतिकाराच्या टी-पेशींच्या अभ्यासाला. या पेशींवर जसे चेतवणारे प्रथिन असते तसे लगाम खेचणारेही असते. सीटीएलए-४ या नावाच्या प्रथिनाचा हा लगाम एका प्रतिपिंडाने सैल केला तर उंदरांच्या गाठी विरघळतात, हे ॲलिसन आणि त्यांच्या शिष्यांनी बर्कलीच्या सार्वजनिक विद्यापीठात दाखवले आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. क्योटो विद्यापीठात होन्जो यांच्या गटाने १९९२ मध्ये शोधलेले पीडी-१ हे प्रथिनही असाच लगाम असल्याचे पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले. लगाम सैल करणारे हातही प्रतिपिंडाचेच, म्हणजे मिलस्टाइन यांच्याच वंशातले.

कंपन्यांनी प्रारंभी या कल्पनेला फारसे दार उघडले नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीने कर्करोग हटवण्याचे प्रयत्न पूर्वी फसले होते. अखेर मेडारेक्स या लहान कंपनीने काम हाती घेतले. २००९ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या बड्या कंपनीने मेडारेक्सच सुमारे २४० कोटी डॉलरना विकत घेतली. मार्च २०११ मध्ये इपिलिमुमॅब या नावाने औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चार मात्रांच्या उपचाराची किंमत ठरली १ लाख २० हजार डॉलर. हे एक अपवादात्मक उदाहरण नव्हे. २०१० ते २०१६ या काळात अमेरिकेत मान्यता मिळालेल्या २१० नव्या औषधांपैकी प्रत्येकाच्या मुळाशी तेथील सरकारी राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पैशातून झालेले संशोधन होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले आहे.

येथे कंपन्यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रयोगशाळेतील उंदरापासून इस्पितळातील माणसापर्यंतचे अंतर मोठे, खर्चिक आणि अपयशाने भरलेले असते. सीटीएलए-४ वरचाच फायझर कंपनीचा दुसरा प्रतिपिंड २००८ मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरला होता. हा धोका कोणीतरी पत्करावा लागतो, हे खरे. परंतु धोका एकट्या भागधारकाचा नसतो. चाचणीसाठी आपले शरीर देणाऱ्या रुग्णाचा तो असतो, अनिश्चित कामात तारुण्य घालवणाऱ्या संशोधकाचा असतो आणि शंभर प्रयोगांचा खर्च उचलणाऱ्या करदात्याचाही असतो. नफा वाटण्याची वेळ येते तेव्हा मात्र वहीत एकाच भागीदाराचे नाव आढळते. स्वतः होन्जो यांना आपल्या वाट्यासाठी ओनो या जपानी औषध कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली, तीत कंपनीने त्यांना ५०० कोटी येन आणि क्योटो विद्यापीठाच्या निधीस २,३०० कोटी येन देण्याचे मान्य केले. नोबेल मिळालेल्या माणसाची ही स्थिती, तर प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे सांभाळणाऱ्या कामगाराला कोण विचारतो?

त्याच जपानमध्ये दुसरीही एक गोष्ट घडली आणि ती कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. होन्जो यांच्या शोधावर आधारलेल्या निव्होलुमॅबला २०१४ मध्ये तेथे मान्यता मिळाली, ती एका विरळ त्वचाकर्करोगासाठी. रुग्ण थोडे म्हणून किंमत चढी ठरवली गेली: १०० मिलिग्रॅमच्या कुपीला सुमारे ७ लाख ३० हजार येन. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगासाठीही औषध मान्य झाले आणि रुग्णांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. किंमत मात्र तीच राहिली. एका रुग्णाचा वर्षाचा खर्च साडेतीन कोटी येनच्या घरात जाऊ लागला. जपानात सर्वांना आरोग्य विमा आहे आणि औषधाची किंमत सरकार ठरवते. तेथे ओरड झाली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने किंमत एका फटक्यात निम्मी केली. औषध नाहीसे झाले नाही, कंपनी बुडाली नाही, संशोधन थांबले नाही. किंमत ही निसर्गनियमाने ठरत नसून सौद्याच्या बळाने ठरते, हे यावरून सिद्ध झाले. जेथे खरीददार एकेकटा रुग्ण आहे तेथे ती एक असते. जेथे खरीददार संघटित जनता आहे तेथे दुसरी.

परळ, पिंपरी आणि पवई

या साऱ्याशी महाराष्ट्राचा संबंध दूरचा नाही. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे आयुष्य परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राशी निगडित होते. डॉ. वसंतराव खानोलकरांसारखा गुरू, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे शिक्षण, आणि मग मिलस्टाइन यांच्याप्रमाणेच मायदेशी परतण्याचा निर्णय. सुदैवाने येथे लष्करशाही नव्हती. त्यांनी मुंबईत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांचा आणि विषाणूंचा वाटा उंदरांवर अभ्यासला, कुष्ठरोगावरील लशीच्या कामात भाग घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु त्यांच्या चरित्रातील दोन गोष्टी पदकांहून मोलाच्या आहेत. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने वाशीला नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. स्त्रीचे संशोधन बुद्धीअभावी थांबत नाही, मूल सांभाळायला कोणी नसल्याने थांबते, हे या मंडळींनी ओळखले होते. दुसरी गोष्ट निवृत्तीनंतरची. प्रयोगशाळा सुटल्यावर रणदिवेबाई अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या प्रश्नाकडे वळल्या. संशोधकाची जिज्ञासा आणि समाजाची गरज यांत मूलतः वैर नाही, याची ही साक्ष.

परळच्या या परंपरेला आज नवे फळ आले आहे. पवईची भारतीय प्रौद्योगिकी संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारा नवा जनुक घालून, त्या पुन्हा शरीरात सोडण्याची उपचारपद्धती विकसित केली. टी-पेशीच्या अंगावर बसवलेला हा ओळखीचा अवयवही मुळात प्रतिपिंडाचाच तुकडा असतो. २०२१ मध्ये खारघर येथे पहिल्या रुग्णावर तिचा प्रयोग झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. याच जातीच्या पहिल्या अमेरिकी उपचाराची किंमत २०१७ मध्ये ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवली गेली होती. मुंबईच्या उपचाराची किंमत सुमारे ३० ते ४० लाख रुपये सांगितली गेली. दशांशाच्या आसपास! सरकारी वेतनावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी हे करून दाखवले, याचा अभिमान कोणालाही वाटावा.

पण अभिमानापाशी थांबता येत नाही. सार्वजनिक संस्थांत जन्मलेला हा उपचार बाजारात आला तो संस्थेच्या अंगणात निघालेल्या एका खासगी कंपनीमार्फतच. आणि आयुष्मान भारत योजनेचे छत्र कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे. मराठवाड्यातला ऊसतोडणी कामगार उरलेले २५-३५ लाख कोठून आणणार? अमेरिकेपेक्षा स्वस्त हे माप डॉलरमध्ये कमावणाऱ्याला उपयोगी. मजुरीच्या मापाने मोजले तर दशांशही आकाशाएवढाच उंच राहतो.

कायद्याची हत्यारे नाहीत असे नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील पेटंट नाकारले आणि देशी औषधधंदा उभा राहिला. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली ते पेटंट परत आले, तरी सक्तीच्या परवान्याचे कलम ८४ आणि सरकारी वापराचे कलम १०० शाबूत राहिले. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून बायर कंपनीच्या सोराफेनिब या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधासाठी सक्तीचा परवाना देण्यात आला. महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांचे औषध नॅट्को कंपनी ८,८८० रुपयांना देऊ लागली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला. हत्यार एकदा परजले आणि काय घडते ते देशाने पाहिले. त्यानंतर ते म्यानातच का गंजत पडले, असा सवाल प्रत्येक सरकारला विचारला पाहिजे.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला, तो पेनिसिलिन सार्वजनिक क्षेत्रात बनावे म्हणून. औषध शोधणे, ते बनवणे आणि ते गरिबापर्यंत नेणे या तिन्ही गोष्टी एका साखळीत असाव्यात, ही त्यामागची दृष्टी होती. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या कारखान्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा आणि पुढे कारखानाच विकण्याचा निर्णय घेतला. साखळीची मधली कडीच तोडून टाकावयाची आणि मग शोध खासगी हातांत का जातो म्हणून हळहळावयाचे, हा विरोधाभास आहे.

मागणी काय असावी?

पहिली मागणी संशोधकाच्या पोटाची. मूलभूत प्रश्नाला बारा वर्षे देता यावीत, अशी नोकरी आज भारतातील किती तरुण जीववैज्ञानिकांना आहे? देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती २०१९ मध्ये ३१ हजार रुपये आणि २०२३ मध्ये ३७ हजार रुपये झाली, आणि त्यासाठीही विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावे लागले. छात्रवृत्तीनंतर कंत्राट, कंत्राटानंतर दुसरे कंत्राट, आणि मग परदेशाची वाट. हेच बहुतेकांचे भवितव्य. मिलस्टाइन यांना अर्जेंटिनातून बंदुकीने घालवले. येथे तेच काम नोकरभरतीच्या गोठवणुकीने निमूटपणे होते. प्रयोगशाळेतील कंत्राटी संशोधक हाही श्रमिक आहे आणि त्याची संघटना बांधणे हे कामगार चळवळीचेच काम आहे, हे अजून पुरेसे उमगलेले नाही.

दुसरी मागणी शर्तीची. सार्वजनिक पैशातून लागलेला शोध कोणाही कंपनीला देताना करारातच किमतीची मर्यादा असावी, सरकारी इस्पितळांचा वाटा राखून ठेवावा, आणि कंपनीने शर्त मोडली तर उत्पादनाचा हक्क परत घेण्याचा अधिकार असावा. करारनामे जनतेला पाहावयास मिळावेत. तिसरी मागणी साखळीची: चाचण्या आणि उत्पादन यांसाठी सार्वजनिक यंत्रणा पुन्हा उभारावी आणि सर्वांसाठीच्या आरोग्यसेवेने देशाच्या वतीने एकत्र खरेदी करावी, म्हणजे जपानप्रमाणे सौद्याचे बळ जनतेच्या बाजूला येईल.

या मागण्यांवर एक आक्षेप हमखास येईल: नफा नसेल तर शोध कोण लावणार? त्याचे उत्तर शोध लावणाऱ्यांच्या चरित्रांतच आहे. मिलस्टाइन यांनी पेटंट घेतले नाही, तरी ते शोध लावावयाचे थांबले नाहीत. ॲलिसन यांना प्रेरणा मिळाली ती आईच्या आजाराच्या आठवणीतून आणि टी-पेशीच्या कुतूहलातून. रणदिवेबाई निवृत्तीनंतर अकोल्याच्या डोंगरात गेल्या, त्या कोणत्या भागभांडवलासाठी? नफ्याची प्रेरणा लागते ती शोधाला कमी आणि शोधाची वाट अडवण्याला अधिक.

परळला टाटा रुग्णालयासमोरच्या पदपथावर वर्षानुवर्षे प्रांतोप्रांतीचे रुग्ण आणि त्यांचे नातलग पथारी टाकून राहतात. रस्त्याच्या एका बाजूला जगातील कोणत्याही देशाच्या तोडीचे ज्ञान आहे, दुसऱ्या बाजूला ते ज्ञान ज्यांच्यासाठी निर्माण झाले ती माणसे. मधला रस्ता ओलांडावयास काही पावले पुरतात. तो ओलांडता येत नाही याचे कारण विज्ञानात सापडणार नाही. ते राजकारणात आहे, आणि म्हणून ते दूर करण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.